चालतंय, म्हणून खोलायचं नाही?

साजगाव-ताकईपासून खोपोलीपर्यंत आणि तिथून कर्जतच्या रस्त्याला सुतारकामाच्या कितीतरी शेड आहेत. कर्जतकडच्या फार्महाउसांना दारं-खिडक्या लागतात, खोपोलीतल्या नव्या इमारतींना स्वयंपाकघरातली कपाटं लागतात, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईच्या पलंगांची मागणी सुरू होते. यातल्या कुठल्याही शेडमध्ये जा, कोपऱ्यातल्या कटर मशीनकडे बोट करा आणि विचारा, हे शेवटचं खोललं कधी? उत्तर ठरलेलं असतं : ‘कशाला खोलायचं? चालतंय ना!’

या उत्तराची मला चीड येते. आळशी माणसाने ते दिलं असतं तर सोडून दिलं असतं. पण ते देणारा माणूस दिवसभर उभा राहून राबणारा असतो. सागाच्या फळीवरून नुसता तळवा फिरवून तो तिचा बाक सांगतो, वास घेऊन ती सुकली आहे की नाही ते ओळखतो. लाकडाच्या बाबतीत इतका चिकित्सक असलेला माणूस लोखंडापुढे उभा राहिला की एकदम भाविक कसा होतो?

त्याचं म्हणणं आधी पूर्ण मांडतो, म्हणजे सोयीचं तेवढंच उचललं असं कोणी म्हणायला नको. एक, मशीन चालू आहे, तर त्याला हात लावायचं कारणच काय? दोन, एकदा खोललं की कारखान्यातून आलेलं सेटिंग जातं आणि जोडताना चार वायसर उरतात. तीन, हे सुताराचं काम नाही, मेकॅनिकचं आहे. चार, वेळ कुणाला आहे, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असतं. पाच, आठवड्याला हवा मारतो, तेल सोडतो, दसऱ्याला हार घालतो, आणखी काय करायचं? आणि सहा, इतकं करूनही बिघडलंच तर नवीन घेऊ. मुद्दे सहा आहेत. सहाही ठासून सांगितले जातात, आणि सहाही पोकळ आहेत.

पहिल्यापासून सुरुवात करू. ‘चालतंय’ म्हणजे नक्की काय? बटण दाबलं की मोटर फिरते आणि लाकडाचे दोन तुकडे होतात, एवढंच. हे तर पात्याचे दात बोथट झालेले असतानाही होतं, बेअरिंग गुरगुरत असतानाही होतं, बेल्टला भेगा पडलेल्या असतानाही होतं. मशीन फिरतंय ही त्याच्या तब्येतीची खूण नाही. ते अजून थांबलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय फिरतंय ते काय वेगाने? ३०० मिलिमीटरचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग सेकंदाला ४७ मीटर होतो, म्हणजे ताशी सुमारे १७० किलोमीटर. खोपोलीवरून जाणाऱ्या एक्स्प्रेसवेवर सपाटीला मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे. तिथे १७० ने गाडी हाकणाऱ्याला ‘टायर शेवटचे कधी बघितले?’ असं विचारलं आणि तो ‘चालतंय ना’ म्हणाला, तर त्याच्या शेजारच्या सीटवर कोण बसेल? पण त्याच वेगाच्या पात्यापासून वीतभर अंतरावर हात ठेवून आपण दिवसभर फळ्या सरकवतो.

आणि बिघाड दिसायला मोठा असावा लागत नाही. पातं ज्या दोन फ्लँजमध्ये आवळलेलं असतं, त्यांचा व्यास ६० मिलिमीटर धरा. एका फ्लँजच्या कडेखाली राळेत घट्ट झालेल्या भुशाचा फक्त ०.१ मिलिमीटर जाडीचा कण अडकला, तर ३०० मिलिमीटरच्या पात्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तोच फरक पाचपट, म्हणजे अर्धा मिलिमीटर होतो. पातं डुलतं. काप रुंद पडतो, कडा जळून काळी होते, जोड बसत नाही. यावर शेडमधलं निदान काय? ‘लाकूड ओलं आहे.’ नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण अशा वेळी कुणालाच कशी आठवत नाही? नट सैल करून फ्लँज पुसली असती तर बिचाऱ्या लाकडाची बदनामी टळली असती.

दुसरा मुद्दा सेटिंग जाण्याचा. कुठलं सेटिंग? जे मशीन टेम्पोत घालून घाटातून हादरे खात आणलं, शेडच्या ओबडधोबड कोब्यावर उभं केलं, एका पायाखाली फळकुट सारून ‘लेव्हल’ केलं, आणि त्यानंतर रोज तासन्‌तास थरथरत राहिलं, त्याचं कारखान्यातलं सेटिंग अजून टिकून आहे, अशी समजूत आहे का? ते केव्हाच गेलं. खोललं नाही म्हणून गेल्याचं कळलं नाही, इतकंच.

राहिले उरणारे वायसर. ते खोलण्यामुळे उरत नाहीत, खोलण्याच्या गबाळेपणामुळे उरतात. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना हे कारण पुढे करायला धीरच लागतो. पहिला नट सैल करण्याआधी फोटो काढा, प्रत्येक भाग निघाला की पुन्हा काढा. निघालेले नटबोल्ट क्रमाने ताटलीत मांडा. पुली शाफ्टवर जिथे बसली आहे तिथे खूण करा. मोटरच्या पायाखाली किंवा बेअरिंगच्या ठोकळ्याखाली पत्र्याचं पॅकिंग असेल, तर ते कोणत्या बोल्टखाली होतं ते त्याच्यावरच लिहा, कारण ते जागेवर परत गेलं नाही तर बेल्ट तिरका धावेल. कपाटाच्या खणांवर पेन्सिलने आकडे घालून ते वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर बिनचूक जोडणाऱ्या माणसाला हे जमणार नाही? ज्याला कुसू-खाच सांधता येते, त्याला पुली सांधता येत नाही, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मग करायचं काय असतं? आधी मेन स्विच बंद करायचा, फ्यूज काढायचा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवायचा. फळीवर नाही, पोराच्या हातात नाही, खिशातच. अमेरिकेने १९८९ मध्ये कारखान्यांसाठी नियमच केला, की यंत्राची देखभाल चालू असताना वीज तोडून तिथे कुलूप लावायचं आणि किल्ली काम करणाऱ्याकडेच ठेवायची. आपल्याकडे कुलूप नसेल, पण खिसा तर आहे? त्यानंतर स्टार्टर एकदा दाबून वीज खरंच गेली आहे याची खात्री करायची. सिंगल फेज मोटर असेल तर तिच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून त्याच्या टोकांना बोट लावायचं नाही. पातं पूर्ण थांबल्यावर लाकडाची पाचर मारून ते अडवायचं, दातांवर जाड कापड धरायचं आणि नट सोडायचा. तो पातं ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने सुटतो. हे माहीत नसलेले उलटा जोर लावून तो आणखी आवळतात आणि वर पाना घसरून बोटं सोलून घेतात. मग पातं रॉकेलने पुसायचं, फ्लँज पुसायची, बेल्ट उतरवायचा आणि शाफ्ट हाताने फिरवून बघायचा. गुरगुर जाणवली किंवा शाफ्ट वर-खाली हलला, तर बेअरिंग गेलं. मोटरचं पंख्यावरचं झाकण काढून आतला भुसा काढायचा.

हा शेवटचा भाग टाळणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. मोटरच्या अंगावरच्या खाचा भुशाने बुजल्या की तिची उष्णता बाहेर पडत नाही, आणि वाइंडिंगचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याच्या इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा विद्युत अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. मोटर जळते तेव्हा मात्र दोष कुणाचा? महावितरणच्या व्होल्टेजचा! व्होल्टेज कधीकधी खरंच कमी-जास्त होतं, पण जाळीवर बोटभर जाड भुशाचा थर महावितरणने आणून टाकलेला नसतो.

तिसरा मुद्दा ऐकायला विनयाचा वाटतो : हे मेकॅनिकचं काम आहे. मोटरचं वाइंडिंग त्याच्याकडे द्या, घट्ट बसलेलं बेअरिंग त्याच्याकडून काढून घ्या, तारा वायरमनला जोडू द्या. यापुढे मी एक पाऊलही मागे जाणार नाही. मेकॅनिक कधीतरी येणार, तासभर थांबणार आणि जाणार. त्या पात्यासमोर रोज कोण उभं असतं? कालपर्यंत गुणगुणणारं मशीन आज किंचित खरखरतंय, हे कुणाच्या कानाला कळणार? पातं आणि गाइड, म्हणजे फळी टेकवून सरकवायची पट्टी, समांतर नसतील, पात्याच्या मागच्या बाजूला गाइड जवळ आलेला असेल, तर फळी पात्यात चिमटते आणि मागचे वर येणारे दात तिला उचलून चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. ती फळी मेकॅनिकच्या छातीवर येत नाही. हे अंतर मोजायला पात्याचा एकच दात खुणेसाठी धरून तो आधी पुढे आणि मग मागे आणून गाइडपर्यंतचं माप घ्यायचं, एवढंच काम आहे. त्यासाठी पनवेलहून माणूस बोलवायचा?

या परावलंबनाची किंमत कायद्याने आकड्यांत लिहून ठेवली आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची पहिली अनुसूची वाचा. त्यात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी गेली असं धरलेलं होतं. अंगठा गेला तर ३० टक्के. एका हाताची चार बोटं गेली तर ५०. ही भरपाईसुद्धा नोकरीवर असलेल्या कामगाराला. स्वतःच्या शेडमध्ये स्वतःच राबणाऱ्या मालक-कारागिराला ती देणार कोण?

सरकारी तपासनीस येईल आणि आपल्याला वठणीवर आणेल, या भरवशावरही कोणी राहू नये. १९४८ च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्राला संरक्षक आवरण घालणं बंधनकारक केलं. पण तो विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार असतील तेव्हा लागू व्हायचा, आणि महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीत ही मर्यादा २० वर नेली. बाप, लेक आणि एक हाताखालचा पोरगा अशा तिघांच्या शेडकडे कारखान्यांचा कायदा बघतच नाही. म्हणजे तुमच्या मशीनचा तपासनीस या जगात एकच आहे, आणि तो म्हणतोय हे मेकॅनिकचं काम आहे!

चौथा मुद्दा वेळेचा. वेळ नाही हे कारण खोपोलीत राहून सांगणं तर फारच धाडसाचं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून टाटांनी खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू केलं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. शंभर वर्षांहून जुनं हे केंद्र ‘चालतंय ना’ म्हणत टर्बाइनकडे कधीही न बघता इथवर आलं असेल, असं कुणाला वाटतं? मुंबईची लोकल लाखो लोकांना घेऊन धावते, तरी मध्य रेल्वे रविवारी मेगाब्लॉक घेते. आपण कुरकुरतो, पण रूळ तपासूच नका असं म्हणत नाही. पावसाळ्याआधी फांद्या तोडायला वीज बंद ठेवतात, तेही सहन करतो. अख्ख्या मुंबईपेक्षा ज्याचा खोळंबा महत्त्वाचा, असं ते गिऱ्हाईक आहे तरी कोण?

आणि वेळ वाचतो कुठे? शेवटी मशीन थांबतं ते ऐन मार्गशीर्षात, पलंग अर्धा झालेला असताना आणि वरातीची तारीख ठरलेली असताना. मग बेअरिंगसाठी धावाधाव, मेकॅनिकच्या मिनतवाऱ्या, रात्रीची जागरणं. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याने पाणी उशिरा लागल्याची तक्रार करू नये. आपल्या भागात आषाढ-श्रावणात धो धो पाऊस असतो, बांधकामं मंदावलेली असतात, लाकूड दमट असतं. मशीन खोलायला याहून चांगले दिवस कुठले? उलट त्याच दिवसांत ओतीव लोखंडाच्या टेबलावर गंज चढतो. म्हणजे ज्या महिन्यात मशीनला हाताची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यात आपण त्याच्यावर प्लास्टिक टाकून पत्ते कुटत बसणार, आणि वेळ नाही असंही म्हणणार.

पाचवा मुद्दा मला सर्वांत मनोरंजक वाटतो : हवा, तेल आणि हार. हवा मारल्याने भुसा जातो हे खरं, पण जातो कुठे? निम्मा मोटरच्या पोटात आणि बेअरिंगच्या फटीत, उरलेला आपल्या नाकात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाचा भुसा माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. आधी ब्रशने आणि व्हॅक्यूमने भुसा ओढून घ्यायचा. हवा मारायचीच असेल तर शेवटी, कमी दाबाची, आणि तोंडावर मास्क लावून.

तेलाचं म्हणाल तर टेबल वर-खाली करणाऱ्या उघड्या स्क्रूवर सोडलेलं तेल आणि उडणारा भुसा मिळून असं लुकण तयार होतं, की काही महिन्यांनी हँडल फिरवायला दोन माणसं लागतात. मग त्यावर आणखी तेल. उघड्या आट्यांना मेण लावावं, ते भुसा धरत नाही. आणि दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या बेअरिंगला तर तेल बाहेरून पाजताच येत नाही. तिथे तेल सोडणं हा फक्त मनाचा समाधानविधी आहे.

हार मात्र जरूर घाला. खंडेनवमीची पूजा आपली आहे, विश्वकर्म्याची माघ शुद्ध त्रयोदशीही आपली आहे, आणि अवजारापुढे हात जोडणारा समाज मला आवडतो. पण या पूजेचा पहिला विधी कोणता? अवजारं धुऊन-पुसून मांडणं. आपण तो गाळला आणि हळदकुंकवावर आलो. राळ आणि भुशाच्या पापुद्र्यावर गंध लावून आपण नेमकी पूजा कसली केली? पूजेच्या आदल्या दिवशी मशीन खोलून साफ करा, आणि पूजा झाली की बटण दाबण्याआधी झेंडूचा हार काढून ठेवा. शाफ्टमध्ये दोरा गुंडाळला तर विश्वकर्मा मध्ये पडणार नाही.

उरला सहावा मुद्दा, नवीन घेण्याचा. साजगावची यात्रा पाहिलेल्या माणसाने तरी असं बोलू नये. ताकईच्या विठ्ठलाची यात्रा कार्तिकी एकादशीला सुरू होते, आणि तिथल्या सुक्या मासळीच्या बाजारामुळे देवालाच लोक बोंबल्या विठोबा म्हणतात. तिथे बोंबील घेणारी बाई काय करते ते बघा. बोंबील हातात घेते, मोडून बघते, हुंगते, दुसऱ्या दुकानात जाऊन तिथलाही मोडते. आणि आपण मशीन घेताना काय बघतो? रंग. आतली पुली ओतीव आहे की पत्र्याची, बेअरिंग कोणत्या प्रतीचं आहे, शाफ्ट किती जाड आहे, हे बघायला आधी जुनं मशीन खोलून बघितलेलं असावं लागतं. जे कधी खोललं नाही, त्याची पारख येणार कुठून? म्हणून पन्नास वर्षं टिकेल असं ओतीव लोखंडाचं जुनं धूड भंगारात जातं आणि त्याच्या जागी हलक्या पत्र्याचं नवं येतं, जे थरथरून स्वतःच जागा सोडतं. जुन्याचं गेलेलं असतं काय, तर बेल्ट आणि दोन बेअरिंग.

कोणी म्हणेल, आता अशी मशिनं आली आहेत की बोट लागताच पातं थांबतं. आली आहेत. अमेरिकेतल्या ‘सॉस्टॉप’ कंपनीने बनवलेल्या मशीनचं पातं त्वचेचा स्पर्श होताच सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबतं. त्याच देशात टेबल सॉच्या पात्याने होणाऱ्या जखमांचा सरकारी अंदाज वर्षाला सुमारे ३०,००० आहे, कारण बहुतेकांकडे अजून साधीच मशिनं आहेत. आणि त्या चमत्कारी मशीनमध्येसुद्धा ब्रेक आणि पातं यांतलं अंतर माणसालाच तपासून लावावं लागतं. न खोलता जपणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. नव्या मशीनवर भुसा पहिल्या दिवसापासून बसतो, आणि त्याच्यासमोर उभा असतो तोच माणूस, ‘चालतंय ना’ म्हणणारा.

सहाही मुद्द्यांच्या तळाशी एकच गैरसमज आहे : मशीन खोललं की काम थांबतं. थांबत नाही. खोलणं हेही कामच आहे. रंध्याचं पान घासणं, करवतीचे दात लावणं हे पिढ्यान्‌पिढ्या सुताराचंच काम होतं. पान बोथट आहे म्हणून कुठला सुतार मेकॅनिककडे गेला नाही, आणि घासण्यात दिवस बुडाला असंही कुणी म्हटलं नाही. मोटर जोडली म्हणून ही जबाबदारी कुणी काढून घेतलेली नाही. उलट हाताची करवत चुकली तर कातडी फाटायची, आता बोट जातं. धोका वाढला आणि काळजी कमी झाली, याला प्रगती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

म्हणून शेडवाल्यांनो, हाताखालच्या पोराला मशीन चालवायला शिकवण्याआधी ते खोलायला शिकवा. फ्यूज खिशात ठेवून त्याच्याकडून पातं उतरवून घ्या, फ्लँज पुसून घ्या, पुन्हा जोडून घ्या. पहिल्यांदा हाताने फिरवायला लावा, मग रिकामं चालवायला, आणि त्यानंतरच फळी द्या. तीन फेजच्या तारा सोडल्या असतील तर पातं चढवण्याआधी मोटर क्षणभर चालवून फिरण्याची दिशा बघायला सांगा, कारण दोन तारांची अदलाबदल झाली तर ती उलटी फिरते. काढून कोपऱ्यात फेकलेलं पात्याचं झाकणही त्याच दिवशी परत बसवा. ज्याला आपलं मशीन खोलून जोडता येत नाही, त्याने त्याच्या पात्यासमोर उभं राहू नये.